देश नव्हता तेव्हा क्लब होता

२२ जून २००६. जर्मनीतलं श्टुटगार्ट. विश्वचषकातला ऑस्ट्रेलिया-क्रोएशिया सामना शेवटच्या मिनिटांत आलाय, स्कोअर २-२. इंग्लंडचे पंच ग्रॅहम पोल क्रोएशियाच्या तीन नंबरच्या बचावपटूला, योसिप शिमुनिचला, पिवळं कार्ड दाखवतात. त्याचं हे दुसरं. दोन पिवळी झाली की लाल कार्ड आणि खेळाडू बाहेर, हा नियम गल्लीत फुटबॉल खेळणाऱ्या पोरालाही माहीत असतो. शिमुनिच मात्र मैदानातच राहतो. शेवटची शिट्टी झाल्यावर तो पंचांशी हुज्जत घालतो, तिसरं पिवळं कार्ड खातो आणि तेव्हा कुठे त्याला लाल कार्ड मिळतं.

पोल यांनी दुसऱ्या कार्डाची नोंद वहीत ऑस्ट्रेलियाच्या तीन नंबरपुढे, म्हणजे क्रेग मूरच्या नावावर केली होती. असं का झालं याचं एक मजेशीर कारण सांगितलं जातं: शिमुनिच अस्सल ऑस्ट्रेलियन ढंगाचं इंग्रजी बोलत होता. बोलणारच. तो जन्मला कॅनबेरात आणि मोठ्या पातळीवर खेळायला लागला मेलबर्नच्या एका क्लबात. समोरच्या संघाचा, म्हणजे ऑस्ट्रेलियाचा कर्णधार मार्क विदुका हाही त्याच क्लबातला. क्रोएशियाचा राखीव गोलरक्षक जोई दिदुलित्सा तिथलाच. आणि ऑस्ट्रेलियाच्या गोलजाळ्यात उभा असलेला झेल्को कालाच सिडनीच्या अशाच एका क्लबातून आलेला.

मेलबर्नच्या या क्लबाचं आजचं नाव मेलबर्न नाइट्स. १९५३ साली तो सुरू झाला तेव्हाचं नाव होतं क्रोएशिया. सिडनीतला सिडनी युनायटेड ५८, जन्मनाव सिडनी क्रोएशिया. ही नावं का ठेवली, ती कुणाला आणि का खुपली, शेवटी ती का काढावी लागली, हे समजून घ्यायचं तर फुटबॉलइतकाच विसाव्या शतकाचा इतिहास उलगडावा लागतो. थोडा गुंता आहे.

कागदावर नसलेला देश

पहिली गाठ इथली: १९५३ साली क्रोएशिया नावाचा स्वतंत्र देशच नव्हता. पहिल्या महायुद्धानंतर १९१८ मध्ये दक्षिण स्लाव्ह लोकांचं एक राज्य झालं, १९२९ पासून त्याला युगोस्लाव्हिया म्हणू लागले. सर्ब, क्रोएट, स्लोव्हेन, मॅसिडोनियन, बोस्नियन मुसलमान अशी सगळी मंडळी त्यात. अनेक क्रोएटांना हे राज्य सर्बांच्या वर्चस्वाखालचं वाटायचं. १९४१ मध्ये जर्मनी आणि इटलीने युगोस्लाव्हिया तोडला आणि आन्ते पावेलिचच्या उस्ताशा संघटनेच्या हाती 'स्वतंत्र क्रोएशिया राज्य' सोपवलं. नावात स्वतंत्र असलं तरी ते नाझींच्या टेकूवरचं राज्य होतं, आणि त्याने सर्ब, ज्यू, रोमा यांच्या कत्तली केल्या. यासेनोवाचच्या छळछावणीत मारल्या गेलेल्या माणसांची तिथल्या स्मारकाने केलेली यादीच ८३ हजारांहून अधिक नावांची आहे.

१९४५ मध्ये टिटोचे कम्युनिस्ट पार्टिझन, म्हणजे गनिमी लढवय्ये, जिंकले आणि टिटोच्या हाताखाली युगोस्लाव्हिया पुन्हा उभा राहिला. पाडाव झालेले सैनिक, त्यांच्यासोबत पळालेली कुटुंबं ऑस्ट्रियाच्या सीमेकडे धावली. तिथून परत पाठवलेल्यांपैकी हजारोंना पार्टिझनांनी ठार केलं. जे निसटले ते निर्वासितांच्या छावण्यांत अडकले. त्यांत उस्ताशा होते, साधे शेतकरी होते, कम्युनिस्टांना घाबरलेले कॅथलिक होते, आणि ज्यांना राजकारणाशी काहीही देणंघेणं नव्हतं असेही होते. ही सरमिसळ लक्षात ठेवा. पुढची सगळी भांडणं तिच्यातून निघतात.

त्याच वेळी ऑस्ट्रेलियाला माणसं हवी होती. एवढा मोठा खंड, लोकसंख्या मूठभर, आणि जपानी आक्रमणाची धास्ती ताजी. १९४७ पासून पुढच्या काही वर्षांत ऑस्ट्रेलियाने युरोपातले सुमारे १ लाख ७० हजार निर्वासित आणले. गोरे असावेत ही अट उघड होती. आल्यावर सरकार सांगेल तिथे दोन वर्षं काम करायचं: धरणावर, उसाच्या फडात, रेल्वेवर, कारखान्यात. पुढे साठच्या दशकात टिटोने सीमा सैल केल्या तशी पोटापाण्यासाठी येणाऱ्यांची मोठी लाट आली. १९७० मध्ये तर दोन्ही देशांनी स्थलांतराचा करारच केला.

सरकारी दप्तरात ही सगळी माणसं 'युगोस्लाव्ह'. जहाजाच्या यादीत युगोस्लाव्ह, जनगणनेत युगोस्लाव्ह. ज्या राज्यातून जीव मुठीत धरून पळालो त्याच राज्याचा शिक्का आयुष्यभर कपाळावर. मग स्वतःचं नाव कुठे लावायचं? चर्चच्या दारावर, नाचगाण्याच्या मंडळावर आणि फुटबॉलच्या जर्सीवर. चर्चमध्ये जाऊन त्या पाटीला नावं ठेवायला कुणी बाहेरचा येत नाही. फुटबॉलचं तसं नाही. तिथे दर शनिवार-रविवारी कुणीतरी दुसरा समोर उभा असतो, वर्तमानपत्रात निकाल छापून येतो, गुणतालिकेत 'क्रोएशिया' असं लिहिलं जातं. युगोस्लाव्ह दूतावासाला आवडो न आवडो, मेलबर्नच्या दैनिकात क्रोएशिया जिंकला अशी बातमी येते.

१९७७ मध्ये तर काही जणांनी कॅनबेरात चक्क क्रोएशियाचा दूतावास थाटला. देश नाही, पण दूतावास आहे, बाहेर झेंडा आहे. युगोस्लाव्हियाने आदळआपट केली, ऑस्ट्रेलियन संसदेला त्यासाठी १९७८ मध्ये खास कायदा करावा लागला, तेव्हा कुठे तो बंद पडला. फुटबॉल क्लब मात्र अशा कायद्याने बंद करता येत नव्हता.

सॉकर कुणाचा?

ऑस्ट्रेलियात तेव्हा मुख्य खेळ म्हणजे क्रिकेट, मेलबर्नकडे ऑस्ट्रेलियन रूल्स (अंडाकृती चेंडूचा तिथलाच फुटबॉल), सिडनीकडे रग्बी. सॉकर, म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो, आधीपासून होता, पण ब्रिटिश खाणकामगारांचा, गिरणी कामगारांचा. १९५० नंतर युरोपातून आलेल्यांनी तो हातात घेतला आणि त्याचा नकाशाच बदलला. ग्रीकांचा साउथ मेलबर्न हेलास, इटालियनांचा मार्कोनी, हंगेरियनांचा सेंट जॉर्ज बुडापेस्ट, ज्यूंचा हकोआ, मॅसिडोनियनांचा प्रेस्टन मॅकेडोनिया, माल्टावाल्यांचा मेलिटा. हेटाळणीने लोक या खेळालाच 'वॉगबॉल' म्हणू लागले. वॉग म्हणजे दक्षिण युरोपातून आलेल्यांसाठीची शिवी.

मेलबर्नमधल्या क्रोएटांच्या कट्टर विरोधकांचं नाव होतं जस्ट. हे जुगोस्लाव्ह (म्हणजे युगोस्लाव्ह) युनायटेड सॉकर टीम या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांचं रूप. १९५० मध्ये फुट्सक्रे भागात तो निघाला. म्हणजे एकाच देशातून आलेली, एकाच कारखान्यात पाळी करणारी माणसं दोन क्लबांत वाटलेली. एकाच्या नावात युगोस्लाव्हिया, दुसऱ्याच्या नावात तो मोडण्याचं स्वप्न. हे सामने नुसते स्थानिक डर्बी नव्हते. सोळा हजार किलोमीटर दूरचा एक पुढे संपणारा आणि एक न सुरू झालेला देश तिथे समोरासमोर यायचे.

आणि हाणामाऱ्या व्हायच्या. त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. १९७२ मध्ये मेलबर्नच्या हकोआविरुद्धच्या सामन्यात प्रेक्षकांनी धुमाकूळ घातला आणि व्हिक्टोरिया राज्याच्या फुटबॉल संघटनेने क्रोएशिया क्लबाला थेट हाकलून दिलं. समोरचा क्लब ज्यूंचा होता, हे विसरून ही घटना सांगता येत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सिडनीत युगोस्लाव्ह प्रवासी कंपनीच्या कार्यालयात बॉम्ब फुटला, १६ जण जखमी झाले, संशय क्रोएट अतिरेक्यांवर गेला. पुढच्या वर्षी युगोस्लाव्हियाचे पंतप्रधान येणार म्हणून देशाचे महाधिवक्ते स्वतः गुप्तचर खात्याच्या कार्यालयात जाऊन फायली तपासू लागले, इतकी हवा तापलेली. अशा दिवसांत क्रोएशिया नावाची जर्सी घालणाऱ्या वेल्डरच्या पोराकडेही लोक संशयाने बघत असणार, हे वेगळं सांगायला नको.

बाहेर काढलेल्या क्लबाने मग एक युक्ती केली. नवा क्लब म्हणून परवाना मिळणार नव्हता. तेव्हा एसेंडन लायन्स नावाचा एक आधीच नोंदणी असलेला छोटा क्लब क्रोएट मंडळींनी ताब्यात घेतला, त्याच्यात आपली माणसं आणि पैसा ओतला आणि काही काळात त्याचं नाव एसेंडन क्रोएशिया झालं. दार बंद केलं तर शेजारच्या घरातून आत. त्यांच्या जिद्दीला दाद द्यावी की संघटनेच्या भोळेपणाला हसावं, कळत नाही.

वर्गणीवर उभा राहिलेला डोलारा

असा क्लब चालतो कसा, हे जरा जवळून बघू, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळत नाही. मालक नसतो. सभासद असतात, त्यांची समिती असते, दर वर्षी निवडणूक होते आणि निवडणुकीत भांडणं होतात. पैसा येतो तो वर्गणीतून, तिकिटांतून, एखाद्या क्रोएट बांधकाम ठेकेदाराच्या खिशातून आणि फार मोठा वाटा सोशल क्लबातून. सोशल क्लब म्हणजे हॉल, बार, स्वयंपाकघर, पत्त्यांची टेबलं. सिडनीकडे त्यात नाणी टाकून खेळायची जुगारयंत्रंही असतात, आणि तिथल्या कित्येक क्लबांचा खरा कणा तीच.

सामन्याच्या दिवशी मैदानाच्या कडेला कोळशावर चेवापी भाजत असतात. बोटाएवढ्या खिम्याच्या वळकट्या, पावात घालून, सोबत कच्चा कांदा आणि लाल ढोबळी मिरचीची चटणी. आजोबा भाजतात, मावशी पैसे घेतात, आतल्या मैदानावर दहा वर्षांखालची पोरं खेळत असतात. संध्याकाळी मुख्य संघाचा सामना. लग्नं इथेच जमतात, मयताला वर्गणी इथेच निघते, नव्याने आलेल्याला नोकरी इथल्या ओळखीतून लागते. इंग्रजी न येणाऱ्या पहिल्या पिढीला आठवड्यातून एक दिवस मान वर करून बोलता येईल अशी ही जागा होती.

मेलबर्न क्रोएशियाचं मैदान शहराच्या पश्चिमेला, सनशाइन नॉर्थमध्ये सॉमर्स स्ट्रीटवर आहे. सनशाइन म्हणजे शेती अवजारांच्या कारखान्याभोवती वाढलेली कामगारांची वस्ती. (याच पश्चिम पट्ट्यात पुढे टारनीट, पॉइंट कुककडे आज भारतीयांची, त्यांत मराठी मंडळींचीही भरपूर घरं आहेत. मुलाला फुटबॉल शिकवायला नेणाऱ्या एखाद्या आईबाबांना हे मैदान गाडीतून दिसलंही असेल.)

आणि या व्यवस्थेतून खेळाडू निघाले, ते थोडेथोडके नाहीत. सिडनी युनायटेडमधून कालाच, टोनी पोपोविच, पुढे मिले येदिनाक. हा येदिनाक २०१४ आणि २०१८ च्या विश्वचषकांत ऑस्ट्रेलियाचा कर्णधार. बरं, दार फक्त क्रोएटांना उघडं होतं असंही नाही. २०२२ च्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाचा प्रशिक्षक असलेला ग्रॅहम अर्नोल्ड तरुणपणी सिडनी क्रोएशियाकडूनच खेळला, आणि त्याचा क्रोएशियाशी रक्ताचा संबंध नाही.

नावाचं भांडण

१९७७ मध्ये ऑस्ट्रेलियात नॅशनल सॉकर लीग सुरू झाली. राष्ट्रीय पातळीवरची लीग काढण्यात सॉकरने तिथल्या बाकीच्या दोन्ही फुटबॉल प्रकारांना मागे टाकलं. परदेशी वाटणारी नावं नकोत हा संघटनेचा आग्रह पहिल्या दिवसापासून होता, कधी कडक, कधी ढिला. दोन्ही क्रोएशियांना आत घेतलं ते १९८४ मध्ये, लीग चोवीस संघांची केली तेव्हा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मेलबर्न क्रोएशिया अंतिम सामन्यांत धडका मारू लागला. १९९१ ची फायनल साउथ मेलबर्न हेलासविरुद्ध, पेनल्टींवर हरला. पुढच्या वर्षी अ‍ॅडिलेड सिटीविरुद्ध, पुन्हा पेनल्टींवरच.

आता तारखा नीट बघा. २५ जून १९९१ ला क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. युद्ध पेटलं, नोव्हेंबरमध्ये क्रोएशियाचं व्हुकोवार शहर पडलं. १५ जानेवारी १९९२ ला युरोपीय समुदायाने क्रोएशियाला मान्यता दिली, दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रेलियाने. चार दशकं जे नाव फक्त जर्सीवर होतं, ते आता जगाच्या नकाशावर आलं. आणि त्याच १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियन सॉकर फेडरेशनने हुकूम काढला: क्लबांनी वांशिक नावं काढावीत. सिडनी क्रोएशियाचा सिडनी युनायटेड झाला. मेलबर्नवाल्यांनी आधी 'मेलबर्न सीएससी' असं करून पाहिलं. या आद्याक्षरांतला पहिला 'सी' कशाचा हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी नाइट्स. हेलास गेला, मॅकेडोनिया गेला, उरले लेकर्स, लायन्स, ईगल्स.

संघटनेचं म्हणणं समजण्यासारखं होतं, ते उडवून लावू नये. वांशिक नावामुळे बाकीचा ऑस्ट्रेलियन प्रेक्षक येत नाही, प्रायोजक येत नाहीत, टीव्हीवाले येत नाहीत, आणि दुसऱ्या देशांतली भांडणं आपल्या मैदानावर होतात. मुंबईकराला हा वाद अनोळखी वाटू नये. हिंदू, पारशी, मुस्लिम, युरोपियन अशा जमातींच्या संघांची चौरंगी, मग पंचरंगी क्रिकेट स्पर्धा मुंबईत तुफान चालायची. गांधीजींनी १९४० मध्ये तिच्याविरुद्ध मत दिलं आणि १९४६ नंतर ती कायमची बंद झाली. जिमखान्यांच्या पाट्या मात्र आजही मरीन ड्राइव्हवर तशाच आहेत. फरक इतकाच की मुंबईत स्पर्धा गेली आणि नावं राहिली, ऑस्ट्रेलियात नावं गेली आणि स्पर्धा राहिली.

नावं गेल्याने प्रेक्षक वाढले का? फारसे नाहीत. जुना प्रेक्षक दुखावला, नवा आला नाही. खेळ मात्र याच काळात बहरला. नाइट्सने १९९४-९५ आणि १९९५-९६ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं घेतली. पहिल्या विजयात विदुका होता, जेमतेम एकोणीस वर्षांचा. १९९५ मध्ये क्रोएशियाचे राष्ट्राध्यक्ष फ्रान्यो तुजमान ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर आले आणि या पोराला त्यांनी झाग्रेबला यायला राजी केलं. एखाद्या देशाचा राष्ट्राध्यक्ष सेंटर फॉरवर्डच्या बदलीत लक्ष घालतो, हे वाचून हसू येईल, पण तुजमानना फुटबॉल आणि राष्ट्र या दोन गोष्टी वेगळ्या वाटतच नव्हत्या. झाग्रेबच्या डिनामो या नावाजलेल्या क्लबाचं नाव त्यांच्या काळात 'क्रोएशिया झाग्रेब' केलं गेलं होतं आणि तिथल्या चाहत्यांना ते मुळीच आवडलं नव्हतं! म्हणजे मेलबर्नमध्ये लोक क्रोएशिया हे नाव टिकवायला भांडत होते आणि झाग्रेबमध्ये ते पुसायला. विदुकाच्या बदलीच्या पैशातून सॉमर्स स्ट्रीटवर प्रेक्षकांसाठी स्टँड उभा राहिला. त्याला त्याचंच नाव आहे.

याच्या वीसेक वर्षं आधी कॅनडात काय झालं होतं तेही सांगून टाकतो. १९५६ साली क्रोएटांनी काढलेला टोरांटो क्रोएशिया १९७५ मध्ये टोरांटो मेट्रोज या डबघाईला आलेल्या व्यावसायिक क्लबात विलीन झाला, आणि १९७६ मध्ये मेट्रोज-क्रोएशिया या जोडनावाने, पोर्तुगालच्या महान युसेबिओला सोबत घेऊन, उत्तर अमेरिकेची लीग जिंकला. सिअ‍ॅटलमधल्या अंतिम सामन्यात मिनेसोटाला ३-० ने हरवलं. लीगच्या साहेबांना हे नाव इतकं नकोसं होतं की विजेत्यांचं कौतुक करतानाही त्यांचं अवघडलेपण लपत नव्हतं. तीन वर्षांत क्लब विकला गेला आणि नाव बदललं. ऑस्ट्रेलियातल्यांपेक्षा लवकर.

दारं बंद, मग अर्धी उघडी

२००४ मध्ये नॅशनल सॉकर लीग गुंडाळली. पुढच्या वर्षी ए-लीग आली: आठ संघ, प्रत्येक खासगी मालकीचा, बहुतेक शहरांत एकच, आणि जुन्या वांशिक क्लबांना त्यात जागा नाही. घोषवाक्यासारखं बोललं जाऊ लागलं: जुना सॉकर, नवा फुटबॉल. त्यात मेख अशी की ए-लीगमध्ये पदोन्नती-पदावनती नाही. इंग्लंडमध्ये खालच्या लीगमधला क्लब जिंकत जिंकत वर चढू शकतो. इथे तुम्ही राज्याची लीग दहा वेळा जिंकलात तरी तिथेच. दोनदा राष्ट्रीय विजेता झालेला नाइट्स रातोरात उपनगरी क्लब झाला. आणि गंमत म्हणजे त्याच्या पुढच्याच वर्षी, २००६ च्या विश्वचषकात, ज्या संघामुळे अख्खा ऑस्ट्रेलिया फुटबॉलच्या प्रेमात पडला, तो संघ याच जुन्या क्लबांनी घडवलेला होता.

२०१४ मध्ये संघटनेने आणखी कडक नियम केला: क्लबाच्या नावात, बोधचिन्हात वांशिक, राष्ट्रीय, धार्मिक खूण नको. नाइट्सला आपल्याच सोशल क्लबाचं, 'मेलबर्न क्रोएशिया सोशल क्लब' हे नाव प्रायोजक म्हणून जर्सीवर लावायचं होतं. परवानगी मिळाली नाही. प्रायोजकाच्या नावातसुद्धा तो शब्द चालेना. २०१९ मध्ये हा नियम रद्द होऊन त्याजागी सर्वांना सामावून घेण्याची मवाळ तत्त्वं आली.

माझं मत विचाराल तर नावांवरची बंदी चुकीची होती, पण ती घालणाऱ्यांची भीती खोटी नव्हती. याचा पुरावा १ ऑक्टोबर २०२२ ला मिळाला. त्या वर्षी सिडनी युनायटेड ५८ ने ए-लीगच्या ब्रिस्बेन रोअरला उपांत्य सामन्यात हरवून ऑस्ट्रेलिया कपची, म्हणजे ए-लीगबाहेरच्या क्लबांनाही खुल्या असलेल्या स्पर्धेची, अंतिम फेरी गाठली. ए-लीगबाहेरच्या क्लबाने तिथवर पोचण्याची ही पहिलीच वेळ. सगळ्या जुन्या क्लबांना आपलाच विजय वाटावा असा क्षण. पॅरामॅटाच्या मैदानावर १६ हजारांवर प्रेक्षक. आणि त्यांतल्या काहींनी हात पुढे ताणून नाझी सलाम ठोकले, उस्ताशांची गाणी म्हटली, आदिवासींच्या वतीने होणाऱ्या स्वागतविधीच्या वेळी हुर्यो उडवली. मॅकार्थर एफसीने सामना २-० ने जिंकला, पण दुसऱ्या दिवशी बातमी सामन्याची नव्हती. क्लबाने या प्रकाराचा निषेध केला. संघटनेने क्लबाला १५ हजार डॉलरचा दंड केला, काही प्रेक्षकांवर आजन्म बंदी घातली.

बाहेरच्या माणसाला यातल्या खुणा वाचता येत नाहीत, म्हणून एक सांगतो. क्रोएशियाचं लाल-पांढऱ्या चौकटींचं चिन्ह, शाहोव्नित्सा, हे शेकडो वर्षं जुनं आहे, ते फासिस्ट नाही. आजच्या राष्ट्रीय चिन्हात वरच्या डाव्या कोपऱ्यातली पहिली चौकट लाल असते. उस्ताशांनी वापरलेल्यात ती पांढरी होती, वर 'यू' हे अक्षर. पण पांढऱ्या चौकटीपासून सुरू होणारं चिन्ह उस्ताशांच्या आधीही वापरात होतं आणि १९९० मध्ये थोडे दिवस अधिकृतही होतं. तेव्हा एखाद्या आजोबांच्या जुन्या स्कार्फवर पांढरी चौकट आधी दिसली की लगेच निष्कर्ष काढता येत नाही. 'झा दोम स्प्रेम्नी', म्हणजे 'मातृभूमीसाठी सज्ज', या घोषणेबद्दल मात्र एवढी सवलत देता येत नाही. ती उस्ताशांची अधिकृत सलामी होती. आणि २०१३ मध्ये आइसलंडला हरवून विश्वचषकात प्रवेश मिळाल्यावर झाग्रेबच्या मैदानात माइक हातात घेऊन ती घोषणा प्रेक्षकांकडून म्हणवून घेणारा खेळाडू कोण? तोच, कॅनबेरात जन्मलेला योसिप शिमुनिच. फिफाने त्याला दहा सामन्यांची बंदी घातली, २०१४ चा विश्वचषक त्याचा गेला.

हे मुळात कुठून येतं, याचं उत्तर इतिहासाच्या जाणकारांनाही एका ओळीत देता येत नाही, पण एक गोष्ट दिसते. पळून गेलेली माणसं देश जसा सोडला तसाच गोठवून सोबत नेतात. झाग्रेबमध्ये राहिलेल्यांनी पुढची पन्नास वर्षं पाहिली, वाद घातले, मतं बदलली. सिडनीतल्या एखाद्या हॉलमध्ये भिंतीवरचं उस्ताशा काळाचं चित्र तेच राहिलं, कारण ते उतरवणं म्हणजे वडिलांवर आरोप करणं. आणि बाहेरून 'तुमचं नाव काढा' असा दट्ट्या आला की ते चित्र उतरवायचं की नाही याची आतली चर्चाच थांबते, सगळे मिळून नाव वाचवायला उभे राहतात. नाव आणि चित्र या दोन वेगळ्या गोष्टी. संघटनेने पहिलीवर बंदी घातली, दुसरीला तिला कधी हातच घालता आला नाही.

दरम्यान जुन्या क्लबांसाठी दार थोडं किलकिलं झालंय. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियन चॅम्पियनशिप नावाची नवी राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. तिच्या पायाभूत आठ क्लबांत सिडनी युनायटेड ५८ आहे, सोबत साउथ मेलबर्न, मार्कोनी, सिडनी ऑलिम्पिक, प्रेस्टन, एपीआयए लाइखार्ट. यादी वाचली की १९८४ ची गुणतालिका हाती आल्यासारखं वाटतं. नाइट्स त्या आठांत नाही. आणि ही स्पर्धा जिंकली म्हणून ए-लीगमध्ये जागा मिळते, असं नाही.